भरलेली पायाची जखम परत उघडू नये म्हणून रुग्णाकडून रोजची काळजी कशी करून घ्यायची?

उपकेंद्रातली_सिस्टर · १४ जुलै

नमस्कार. गंगाखेडच्या अंगाला, गोदाकाठच्या एका गावात उपकेंद्रावर मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गाव मला सिस्टरच म्हणतं. सहावं वर्ष चालू आहे.

आमच्या गावातल्या एक मावशी शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. वय ५६. पहाटे घरच्या भाकरी, मग शाळेत दोन-तीन तास चुलीपुढं उभं राहणं, तिथून रानात. डाव्या पायाला आतल्या बाजूनं, घोट्याच्या वर जखम. माझ्याकडं आल्या तेव्हा तळहाताएवढी होती. त्याआधी दगडीपाल्याचा रस, हळद, कुणीतरी सांगितलं म्हणून फोडून टाकलेल्या कॅप्सूलची पूड, सगळं लावून झालं होतं. मी त्यांना परभणीला नेऊन कलर डॉपलर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घेतला. शिरांच्या झडपा निकामी झालेल्या, धमन्या मात्र चांगल्या. मग आठवड्यातून दोनदा ड्रेसिंग आणि वरून दाबाची पट्टी. असे अकरा महिने. फेब्रुवारीत, शिवरात्रीच्या आधी जखम पूर्ण भरली. त्यांनी मला घरी बोलावून साडीचोळी केली. खरं सांगते, नोकरीत इतका आनंद मला फार कमी वेळा झालाय.

त्या दिवशी मी त्यांना गुडघ्यापर्यंतचे २०-३० दाबाचे (बीपीसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) मोजे दिले. एकदा घालून दाखवले. रोज घाला, रात्री तेल लावा, पाय वर घेऊन बसा, असं सांगितलं आणि दहा मिनिटांत मोकळी झाले. जखम भरायला अकरा महिने दिले आणि ती भरलेली ठेवायला दहा मिनिटं. हे मला आत्ता लिहिताना दिसतंय, तेव्हा दिसलं नव्हतं.

मृगात जखम परत उघडली. मला आशाताईंकडून कळलं, मावशी स्वतः आल्याच नाहीत. घरी गेले तर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली, तिच्यातून पाणी गळत होतं. मोजे पेटीत, आणले त्याच पिशवीत. मी विचारलं, मावशी, आला का नाहीत? म्हणाल्या, "आले असते सिस्टर, पर तुमी रागं भरताल म्हनून न्हाई आले."

मी एप्रिलमध्ये त्यांना मोज्यांवरून बोलले होते. चार माणसांसमोर. त्यांनी ते मनात ठेवलं.

मग त्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर तासभर बसले आणि मोजे का घातले नाहीत हे पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं. पहिलं म्हणजे, जखम भरली मग मोजे कशाला, हे त्यांना कळलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबी रोग गेला होता. दुसरं, मी सांगितलं होतं की अंथरुणातून उठायच्या आधी मोजे घाला. त्या चारला उठतात, पाणी भरतात, अंघोळ करतात. घालणार कधी? तिसरं, जोडव्यांमध्ये मोज्याचा पंजा अडकून पहिल्याच आठवड्यात धागा निघाला, आणि सौभाग्याची जोडवी काढायची नव्हती. चौथं, एप्रिल-मेमधलं आमचं ऊन. पारा ४२ च्या वर आणि समोर चूल. "पाय भाजतेत मोज्यात," म्हणाल्या. यातलं एकही कारण खोटं नाही. एकही मी आधी विचारलं नव्हतं.

रुग्ण ऐकत नाहीत, असं आम्ही बैठकीत सहज म्हणून जातो. मला आता ते म्हणवत नाही.

माझ्याकडं असे आणखी चौघं आहेत. दोघांच्या जखमा भरल्यात, त्यांच्या बाबतीत तरी मला हे परत होऊ द्यायचं नाही. तुमच्यापैकी कुणाची जखम भरून दोन-चार वर्षं भरलेलीच राहिली असेल तर तुम्ही रोज नेमकं काय करता ते सांगा. घरात कुणाचं करत असाल तर तेही. आमच्या क्षेत्रातल्यांनीही सांगावं, पण "समुपदेशन करा" एवढंच नको. काय बोलायचं, कधी बोलायचं, ते हवंय.

कढईपुढचा_माणूस · १४ जुलै

सिस्टर, मी सेलूचा. ६१ वय. स्टँडजवळ हॉटेल आहे, भजे-चहाचं. तीस वर्षं कढईपुढं उभा. माझी जखम तीनदा भरली आणि तीनदा फुटली. चौथ्यांदा भरली त्याला आता चार वर्षं होतील. म्हणून लिहितोय.

मोज्यांचं मला दोन डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी घातले नाहीत. पट्टी बांधणाऱ्या एका सिस्टरनं हापशावरून समजावलं तेव्हा डोक्यात शिरलं. त्या म्हणाल्या, काका, हापशाचा वायसर गेला की काय होतं? पाणी वर चढतं पण टिकत नाही, पाइपातून खाली उतरतं. तुमच्या पायातल्या शिरांचे वायसर गेलेत. रक्त वर जायच्या ऐवजी घोट्यापाशी साचतं. कातडी आतून कुजत येते आणि जरा काही लागलं की फुटते. जखम भरली म्हणजे कातडी शिवली गेली. वायसर तसाच गेलेला आहे. पोटरी म्हणजे हापशाचा दांडा. चाललात की दांडा हलतो, रक्त चढतं. नुसते उभे राहिलात की दांडा बंद. आणि मोजा बाहेरून शिर आवळून धरतो म्हणून रक्त खाली साचत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी बरा झालेलो नाही, मला हे सांभाळायचंय.

आता रोजचं सांगतो.

मोजे खिळ्याला. बाजेच्या उशाला भिंतीत खिळा आहे, त्याला टांगलेले असतात. कपाटात ठेवले की संपलं. दोन जोड, एक पायात, एक धुतलेला. धुवायचे गार पाण्यात, साध्या साबणानं, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. मी पहिला जोड पत्र्यावर उन्हात टाकला, दोन महिन्यांत ढिला. आणि ढिला मोजा घालणं म्हणजे नुसतं कापड घालणं. मी पाच-सहा महिन्यांनी बदलतो, घेतल्याची तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवतो. पैसे लागतात, पण मागच्या तीन जखमांत माझं हॉटेल किती दिवस बंद राहिलं ते मी मोजलंय.

अंघोळ रात्री. ही सवय लागायला महिना गेला. सकाळी डोळे उघडले की पाय खाली सोडायच्या आधी मोजे. रात्री झोपताना काढायचे, पाय पुसायचे, खोबरेल लावायचं.

हॉटेलात चहाला उकळी येईपर्यंत टाचा वर-खाली, वर-खाली. पोरं आधी हसायची, आता ती सांगतात, काका, टाचा! कांदा चिरायला, पीठ भिजवायला बसून. दुपारी दोन ते तीन मागं बाकावर आडवा, पाय पोत्यावर, छातीच्या वर. घरी बाजेच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा.

उन्हाळ्याचं म्हणाल तर त्रास होतोच. मी दुपारी मोज्यावरूनच पाणी शिंपडतो, वाऱ्यावर वाळेपर्यंत गार वाटतं. मे महिन्यात डॉक्टरांना विचारून जरा कमी दाबाचे घेतो. पण सोडत नाही. माझी दुसरी जखम मे महिन्यात सोडल्यानंच फुटली होती.

एक राहिलं. तिसरी जखम मोटारसायकलच्या सायलेन्सरनं झाली. एवढासा चटका, सात महिने पुरला. म्हणून पाय जपा. धसकट, काटेरी तार, बकरीची लाथ, काहीही.

उपकेंद्रातली_सिस्टर · १५ जुलै

काका, तुमचा हापसा मी उचलतेय. आमच्या गावात तीन हापसे आहेत आणि दोनांचे वायसर गेलेले आहेत, त्यामुळं कुणाला वेगळं समजवायला लागणार नाही. खिळ्याचंही.

जालन्याची_सून · १५ जुलै

माझ्या सासूबाईंचं सांगते. ७२ वय, गुडघे गेलेले, वाकता येत नाही. त्यांना कुणीही कितीही समजावलं तरी त्यांचा हात पंजापर्यंत पोहोचतच नाही. हे घरातल्या आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आम्हाला वाटायचं की हट्टी आहेत.

आता नातू घालतो. आठवीत आहे, सकाळच्या शाळेला निघायच्या आधी. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ओढलं की मोजा सरकत नाही, नखं लागत नाहीत. मोजा आधी टाचेपर्यंत उलटा करून घ्यायचा, पंजा-टाच बसवायची, मग वर ओढायचा. सुरकुती राहू द्यायची नाही, सुरकुतीची दोरी होऊन काचते. वरचा काठ दुमडायचा तर अजिबात नाही.

जोडव्यांसाठी बोटं उघडी असलेले मोजे मिळतात, तेच घ्या. त्याला आणखी एक सोय आहे. पंजावर आधी प्लास्टिकची गुळगुळीत पिशवी चढवायची, वरून मोजा घालायचा आणि पिशवी बोटांकडून ओढून काढायची. सर्रकन बसतो.

अंघोळ सकाळीच हवी म्हणून त्यांचा आग्रह आहे, देवपूजा असते. मग अंघोळीनंतर पाय नीट कोरडे करून वीस मिनिटं पाय उशीवर घेऊन पडतात, हरिपाठ म्हणतात, तेवढ्यात सूज उतरते. हरिपाठ संपला की मोजे. त्यांनीच काढलेली युक्ती आहे ही.

वसमतकर · १६ जुलै

वडिलांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला आणि तळव्याला जखम होती, भरलीय. शुगर पंधरा वर्षांपासून. चाललं की पोटरी दुखते, थांबले की बरं वाटतं. वरचं वाचून मी मोजे मागवायला निघालोय. किती दाबाचे घेऊ?

निवृत्त_परिसेविका · १६ जुलै

वसमतकर, थांबा. मागवू नका. तुम्ही सांगताय ती जखम वेगळी आहे. चाललं की पोटरी दुखणं आणि थांबलं की थांबणं, हे बहुतेक वेळा धमनी अरुंद झाल्याचं लक्षण असतं. अशा पायाला आधीच रक्त कमी पोहोचतं. त्यावर दाबाचा मोजा चढवला तर बोटं काळी पडू शकतात, मी वॉर्डात पाहिलेलं आहे. घोट्याचं आणि दंडाचं बीपी डॉपलरनं मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.८ च्या खाली असेल तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय दाब द्यायचा नाही. शुगरवाल्यांत तर धमन्या कडक झाल्यानं हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, म्हणून त्यांना कलर डॉपलर लागतो. वडिलांना मोठ्या दवाखान्यात दाखवा. तोवर रोज तळवा बघा, अनवाणी चालू देऊ नका, तंबाखू असेल तर आजच बंद करा.

आता सिस्टर, तुमच्याविषयी. मी ३४ वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली, शेवटची बारा सर्जरीच्या वॉर्डात. त्या मावशी रागावण्याच्या भीतीनं आल्या नाहीत हे तुम्ही उघडपणे लिहिलंत, म्हणून मोकळेपणानं सांगते. जखम भरते त्याच दिवशी रुग्णाला एक गोष्ट सांगायची असते आणि आपण ती सांगत नाही. "मावशी, ही परत येऊ शकते. तुम्ही सगळं नीट केलंत तरी येऊ शकते. खाज सुटली, कातडी तांबडी-काळपट दिसली, संध्याकाळी बोट दाबलं की खड्डा राहिला, तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडं या. मोजे घातले का, हे मी विचारणार नाही." पहिल्या दिवशी आलेली जखम शेंगदाण्याएवढी असते. लपवलेली तळहाताएवढी होते.

आणि हे उगाच धीर द्यायला म्हणत नाही. ब्रिटनमध्ये एस्कार नावाची मोठी चाचणी झाली, ५०० रुग्णांची, २००४ साली निकाल आले. नुसत्या दाबाच्या पट्ट्या-मोज्यांवर असलेल्यांत वर्षभरात २८ टक्के जणांची जखम परतली, त्याच्या जोडीला कातडीलगतच्या शिरांची शस्त्रक्रिया केलेल्यांत १२ टक्के. चार वर्षांनी तेच आकडे ५६ आणि ३१. यातून दोन गोष्टी घ्या. एक, मावशींना शिरांच्या उपचारासाठी सर्जनकडं जरूर पाठवा, आता लेझरनंही करतात. दुसरी, शस्त्रक्रिया झाली तरी शंभरातल्या एकतीस जणांची जखम चार वर्षांत परत आली. म्हणजे ऑपरेशन झालं, सुटलो, असं कुणाला वाटू देऊ नका.

दाबाचं म्हणाल तर धमन्या चांगल्या असतील तेव्हा जेवढा जास्त दाब माणूस सोसेल तेवढा चांगला. पण सोसेल आणि रोज घालेल, हे दोन्ही हवं. ३०-४० चा पेटीत राहणार असेल तर २०-३० चाच द्या.

बोलायचं कसं, हे विचारलंत. मी शेवटी-शेवटी एकच प्रश्न विचारायचे. "कालचा दिवस सांगा, उठल्यापासून." मध्ये बोलायचं नाही. त्या दिवसात मोज्याला, पाय वर घ्यायला, तेलाला जागा कुठं आहे ते त्यांच्याच तोंडून निघतं. वरच्या सासूबाईंचा हरिपाठ बघा, कुठल्या पुस्तकात लिहिलाय? आणि एका भेटीत एकच गोष्ट बदलायची. मोजे, व्यायाम, तेल, विटा, वजन, सगळं एकदम सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन काहीच करत नाही.

तेल साधं वापरू द्या, खोबरेल किंवा साधी व्हॅसलीन. वासाची क्रीमं, अँटिबायोटिक मलमं भरलेल्या कातडीवर नकोत. या रुग्णांच्या कातडीला ॲलर्जी फार लवकर येते, खाज सुटते, खाजवलं की पुन्हा जखम.

शेवटचं. इंग्लंडात सफोकमधल्या एली लिंडसे नावाच्या परिचारिकेनं १९९५ साली पायाच्या रुग्णांचा क्लब काढला. दवाखान्यात नाही, गावाच्या सभागृहात. अपॉइंटमेंट नाही, चहा असतो, सगळ्यांचे पाय सगळ्यांसमोर धुतले जातात, पट्ट्या बांधल्या जातात. जखम भरलेलेही येत राहतात. मला हे निवृत्तीनंतर वाचायला मिळालं, नोकरीत असताना कळलं असतं तर करून पाहिलं असतं. तुमचे पाच जण आहेत ना? बाजाराच्या दिवशी बोलवा.

वसमतकर · १६ जुलै

थांबवलंत ते फार बरं केलंत. सोमवारी नांदेडला घेऊन जातोय.

कढईपुढचा_माणूस · १७ जुलै

वारीचं एक सांगायचं राहिलं. आमच्याकडून दिंडीला जाणारे पुष्कळ. चालायला घाबरू नका, मोजे घालून चालणं या पायाला चांगलंच आहे. वाईट काय, तर दर्शनाच्या बारीत आठ-आठ तास एका जागी उभं राहणं. मी गेल्या वर्षी बारीत टाचा वर-खाली करत राहिलो आणि रात्री मठात पिशवीवर पाय टाकून झोपलो. कळसाचं दर्शन घेऊन परत फिरलात तरी पांडुरंग काही म्हणणार नाही, असं आपलं माझं मत आहे.

उपकेंद्रातली_सिस्टर · २६ सप्टेंबर

उशिरा लिहितेय, पण सांगायचं होतं.

मावशींना पुन्हा दाबाची पट्टी सुरू केली. जखम आता रुपयाएवढी राहिलीय. सर्जनची तारीख दिवाळीनंतरची मिळालीय. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटले, त्यांनी खिचडी निवडायला-चिरायला उंच स्टूल दिलं, आणि ढवळायला आता दुसऱ्या बाई उभ्या राहतात. हे मागायला मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं.

बाजार आमच्याकडं मंगळवारी. दुपारी तीनला पाचही जण उपकेंद्रात येतात. पहिल्या मंगळवारी दोघंच होते आणि कुणीच बोलत नव्हतं. तिसऱ्या मंगळवारी एका आजोबांनी मोजे काढले आणि मावशींनी त्यांना विचारलं, "तुमी कवा घालता?" मी गप्प बसले. पुढची वीस मिनिटं तेच दोघं बोलत होते. आजोबा म्हणाले, ते बाहेरून जाऊन आले की गोठ्यात जायच्या आधी बाजेवर पाय वर घेऊन एक तंबाखूची चिमूट... तेव्हा मात्र मी बोलले. तंबाखूवर अजून काम चाललंय.

शिंप्याच्या टेपनं दर मंगळवारी घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजते आणि ज्याच्या-त्याच्या कार्डावर लिहून देते. याचा उपयोग माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त झाला. एका काकांनी एक आठवडा मोजे घातले नाहीत, घेर दोन सेंटीमीटरनं वाढला. मी काही म्हणाले नाही, त्यांनी स्वतःच आकडा दोनदा वाचला.

भरलेल्या दोघांपैकी एकीला परवा खाज सुटली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात हजर. कातडी फुटलेली नव्हती. बदललेल्या अंगाच्या साबणाची ॲलर्जी होती, तो बंद केला, थांबलं.

मावशींच्या घरी भिंतीत खिळा ठोकलाय, बोटं उघडे मोजे आणून ठेवलेत, जखम भरायची वाट बघतायत.

आता एक अडचण. दसऱ्यापासून कापसाची वेचणी सुरू होईल आणि मावशी रानात गेल्याशिवाय राहणार नाहीत, मजुरीचे दिवस तेच आहेत. पऱ्हाटीची बोंडं, काड्या नडगीला घासतात, मोजा फाटतो आणि कातडीही. मोज्यावरून कुणी काय घालतं? जुन्या पँटचा पाय कापून नाडीनं बांधावा असं माझ्या डोक्यात आहे, पण वरची नाडी काचेल अशी भीती वाटते. रानात काम करणाऱ्या कुणी काही करून बघितलं असेल तर कृपया सांगा.